रातपाळीला कोण होतं?

नोव्हेंबर उजाडला की निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची हयातीच्या दाखल्यासाठी लगबग सुरू होते. ऐंशी ओलांडलेल्यांना तो 1 ऑक्टोबरपासूनच देण्याची मुभा आहे. 2014 पासून बोटाच्या ठशावर हा दाखला घेण्याची सोय झाली आणि आता ठशाचं यंत्र घेऊन पोस्टमनही घरी येतो. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर यंत्र खाटेपाशी नेलं जातं, अंगठा धरून त्यावर टेकवला जातो, ठसा जुळला की काम झालं. पुढच्या वर्षभराचं पेन्शन सुरू राहतं.

त्या दोन मिनिटांत पोस्टमनला बरंच काही दिसत असतं. चादर ओली आहे का, मनगटावर वळ आहेत का, गेल्या वर्षीपेक्षा गालफडं किती बसली आहेत. पण त्याला विचारायचा असतो एकच प्रश्न, माणूस हयात आहे की नाही. तो माणूस कसा आहे, त्याला वेळेवर पाणी मिळतं का, रात्री त्याने हाक मारली तर कुणी येतं का, हे विचारायला त्या खाटेपर्यंत हक्काने जाणारा अधिकारी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमलेलाच नाही.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी सुचवलेला विषय होता पैसे देऊन घेतलेली देखभाल. अशा जागांची बाग, खोल्या, जेवण, भजनाचा हॉल यांबद्दल पुष्कळ छापून येतं. मला पाहायचं होतं ते वेगळं. तिथे काही चुकलं तर तक्रार जाते कुठे, आणि तिची चौकशी करायची म्हणजे नेमकं काय करायचं? त्याचा शोध मी कोलकात्याच्या गार्डन रीचपासून सुरू केला. त्याला कारण नागपूर.

बीएनआरच्या गावात

गार्डन रीच हा हुगळीच्या पूर्वकाठावरचा, खिदिरपूरच्या गोदीपलीकडचा पट्टा. अठराव्या शतकात इथे युरोपियनांचे बागबंगले होते, नाव त्यावरूनच पडलं. 1856 मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं तेव्हा नवाब वाजिद अली शाह इथल्या मटियाबुर्जला येऊन राहिले आणि 1887 मध्ये इथेच वारले. त्याच 1887 साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि पुढे तिचं मुख्यालय याच नदीकाठी आलं. आज ते दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय आहे, पण नागपुरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'बीएनआर'च असतं. 2003 मध्ये बिलासपूरला वेगळं मुख्यालय झालं, तोवर नागपूर विभागाची वरची कचेरी हीच. नागपूरच्या मोतीबागेत, रेल्वेत हयात घालवलेल्या कितीतरी वैदर्भीय घरांत बदलीचा, बढतीचा, पेन्शनचा शेवटचा शब्द गार्डन रीचहून यायचा.

मुख्यालयाच्या आवारात जुनी झाडं आहेत, खांबांचे ऐसपैस व्हरांडे आहेत. जवळच रेल्वेचं मध्यवर्ती रुग्णालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात हातात जुन्या फायली घेतलेली निवृत्त मंडळी बाकांवर बसलेली दिसतात, कुणासोबत मुलगा, कुणासोबत पगारी बाई. या माणसांचं पेन्शन चुकलं, थकबाकी अडली, ऐंशीव्या वर्षी मिळणारी वीस टक्के वाढ लागली नाही, तर त्यांना कुठे जायचं ते ठाऊक असतं. रेल्वेत पेन्शन अदालत भरते. अर्ज मागवतात, तारीख जाहीर होते, अधिकारी समोर बसतात आणि प्रकरण निकाली काढून तसं कळवतात. ही यंत्रणा परिपूर्ण आहे असं कुणी म्हणणार नाही, पण तक्रारीला पत्ता आहे, तारीख आहे, उत्तर देणारं माणूस आहे.

आता समजा, याच निवृत्त कर्मचाऱ्याच्या पत्नीला मुलांनी एखाद्या देखभाल केंद्रात ठेवलं आहे आणि तिच्या पाठीवर बेडसोर झाला आहे. तो का झाला, हे कुणाला विचारायचं? अदालत नाही, तारीख नाही. पेन्शनच्या रुपयांचा हिशेब मागता येतो, पण त्याच रुपयांतून विकत घेतलेल्या देखभालीचा नाही.

मुख्यालयाकडून मटियाबुर्जकडे निघालं की गल्ल्यांतून शिवणयंत्रांचा आवाज येत राहतो. तयार कपड्यांची ही मोठी पेठ आहे. कोलकात्यात भिंतींवर, विजेच्या खांबांवर आया सेंटरचे फलक सर्रास दिसतात. पुण्या-मुंबईत आपण ज्यांना ब्युरो म्हणतो, तेच इथे सेंटर. फोन केला की बारा तासांसाठी बाई येते. देखभालीचा धंदा घरोघर पसरला आहे आणि त्याला जाहिरातीसाठी एक फोन नंबर पुरतो.

याच गार्डन रीचमध्ये 17 मार्च 2024 च्या रात्री बेकायदा उभी राहत असलेली पाच मजली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळली आणि दहाहून अधिक माणसं मेली. परिसरातल्या अनधिकृत बांधकामांची झाडाझडती त्यानंतर सुरू झाली. त्याआधी 9 डिसेंबर 2011 ला याच शहरात, ढाकुरियातल्या एका बड्या खासगी रुग्णालयात तळघरात आग लागून धूर वर चढला आणि नव्वदच्या वर जीव गेले. बहुतेक रुग्ण होते, स्वतः उठून जिना उतरू न शकणारे. आधी मृत्यू, मग पाहणी हा क्रम इमारतींच्या बाबतीत जसा आहे, तसाच तो देखभालीच्या बाबतीतही आहे.

तक्रार बाहेर का पडत नाही

वृद्ध निवासातल्या तक्रारींची सुरुवात फार किरकोळ गोष्टींनी होते. चष्मा सापडत नाही. अंगावर दुसऱ्याच कुणाची साडी आहे. कवळी हरवली आहे. भेटीला आलेली मुलगी व्यवस्थापकांना सांगते, ते म्हणतात बघतो. पण कवळी हरवली म्हणजे पोळी चावता येत नाही. मग पोळी ताटात राहते, ताट परत जातं, आणि कुणी विचारलं तर आजींना भूक नाही असं सांगितलं जातं. दोन महिन्यांत वजन उतरतं, मांस झडलं की हाडं चादरीला घासू लागतात, आणि माकडहाडावरची कातडी लाल होते. चौकशी करणारा माणूस आला, तर त्याला इथून उलटं चालत त्या कवळीपर्यंत पोचावं लागतं. कवळी हरवल्याची नोंद मात्र कुठेच नसते.

राहणारी व्यक्ती स्वतः का बोलत नाही, याचं उत्तर सोपं आहे. जिच्याविरुद्ध बोलायचं, तीच रात्री भांडं देणार आहे. मुलगा परदेशात असतो, व्हिडिओ कॉलची वेळ ठरलेली असते आणि फोन बहुधा कर्मचाऱ्याच्याच हातात असतो. अशा वेळी आई 'बरं आहे' एवढंच म्हणते. स्मृतिभ्रंश असेल तर तिच्या बोलण्यावर कुणी विश्वासच ठेवत नाही. 'मला मारतात' या वाक्याला 'त्यांना भास होतात' हे उत्तर तयार असतं. स्मृतिभ्रंशात भास होतात हे खरं आहे. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला मारहाण होऊ शकते, हेही तितकंच खरं आहे. एकाने दुसरं खोटं ठरत नाही. म्हणूनच अशा बाईच्या शब्दांची तिच्या अंगाशी आणि कागदांशी पडताळणी करावी लागते.

कुटुंबाचंही तोंड बांधलेलं असतं. भरलेली अनामत परत मिळेल का, दुसरीकडे जागा मिळेपर्यंत आईला कुठे ठेवायचं, आणि मनात खोल रुतलेलं ते वाक्य, की आपणच तिला इथे आणून सोडलं. या अपराधी भावनेने मुलं गप्प बसतात किंवा एकदम तिला उचलून घरी नेतात. दोन्ही वेळा तक्रार लेखी होत नाही आणि शेजारच्या खाटेवरची बाई तशीच राहते.

दार उघडलं तेव्हा

मग दार उघडतं कशाने? अलीकडची दोन प्रकरणं पाहू.

जून 2025 च्या अखेरीस नोएडाच्या सेक्टर 55 मधल्या एका वृद्धाश्रमात उत्तर प्रदेश राज्य महिला आयोगाच्या सदस्य पोलिसांसह पोचल्या. हात बांधलेल्या एका वृद्धेची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरली होती. आत कुलूपबंद खोल्या होत्या, काहींच्या अंगावर पुरते कपडे नव्हते, काहीजण स्वतःच्याच मलमूत्रात पडून होते. सुमारे चाळीस वृद्धांना तिथून हलवायचं ठरलं. स्वतःला नर्स म्हणवणाऱ्या महिलेचं शिक्षण बारावीपर्यंत असल्याचं सांगण्यात आलं. हे आडबाजूचं खेडं नव्हतं, दिल्लीला लागून असलेली भरवस्ती होती. आणि आश्रम काही आदल्या दिवशी सुरू झाला नव्हता.

दुसरं प्रकरण तामिळनाडूच्या विल्लुपुरम जिल्ह्यातलं, फेब्रुवारी 2023 मधलं. परदेशी राहणाऱ्या नातेवाईकाने एका वृद्धाला आश्रमात ठेवलं होतं. पुढे भेटायला गेल्यावर कळलं की त्यांना बंगळुरूला पाठवलं आहे, आणि बंगळुरूत ते नव्हते. शेवटी मद्रास उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करावी लागली. बेकायदा अटकेत असलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, असं सांगणारी ही याचिका. अधिकारी आत गेले तेव्हा शंभराहून अधिक माणसं तिथे सापडली आणि मारहाणीपासून लैंगिक अत्याचारापर्यंतचे आरोप पुढे आले. तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण शाखेकडे गेला.

त्याच तामिळनाडूत 6 ऑगस्ट 2001 ला एरवाडीमध्ये मनोरुग्णांच्या खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले 28 जण पळू न शकल्याने जळून मेले. त्यानंतर साखळदंडाविरुद्ध देशभर आवाज उठला आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यावर बंदी घातली.

एकीकडे चित्रफीत, दुसरीकडे याचिका, तिसरीकडे आग. यांपैकी कशालाही चौकशीची यंत्रणा म्हणता येत नाही. चित्रफीत काढणारा माणूस त्या दिवशी तिथे नसता, तर नोएडाचं दार बंदच राहिलं असतं.

दोन तासांचं गणित

चौकशी करणाऱ्याला खरी माहिती तीन ठिकाणी मिळते. अंगावर, कागदावर आणि रातपाळीत.

अंग खोटं बोलत नाही. एका कुशीवर तासन् तास पडून राहिलेल्या माणसाच्या माकडहाडावर, खुब्यांवर, टाचांवर आधी लाली येते. बोटाने दाबलं तरी ती लाली जात नसेल, तर ती धोक्याची पहिली खूण. मग फोड येतो, कातडी जाते, आणि दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत पोचते. ही शेवटची अवस्था एका रात्रीत येत नाही. म्हणून 'कालच दिसलं' हे उत्तर खोल जखमेच्या बाबतीत मान्य करता येत नाही. अतिशय आजारी माणसाला उत्तम देखभालीतही बेडसोर होऊ शकतो, हे ध्यानात ठेवायला हवं. पण मग तो पहिल्या अवस्थेत कुणीतरी पाहिलेला, लिहिलेला आणि डॉक्टरांना दाखवलेला असतो. मनगटावरचे आणि घोट्यांवरचे गोलाकार वळ बांधल्याचं सांगतात. दंडाच्या आतल्या बाजूचे बोटांएवढे निळे डाग जोरात धरून उचलल्याचं सांगतात. सुकलेली जीभ, गडद लघवी, महिन्यात पाच टक्क्यांनी उतरलेलं वजन यांचीही आपापली साक्ष असते.

आणखी एक बंधन असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल यांसारखी औषधं गंभीर मनोविकारांसाठी असतात, पण रात्र शांत जावी म्हणूनही ती दिली जातात. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना अशी औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा छापणं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये नव्या पिढीतल्या औषधांसाठी सक्तीचं केलं. आजी दिवसभर झोपलेल्या असतात असं कुणी म्हटलं, की औषधाचा कागद मागवायचा आणि ती गोळी कोणी, कधी, कशासाठी लिहिली ते पाहायचं.

आता रातपाळी. माझ्या मते चौकशीचा गाभा इथेच आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, ही रुग्णसेवेतली सर्वमान्य पद्धत. समजा एका केंद्रात असे पंधरा जण आहेत आणि रात्री आठ ते सकाळी आठ दोन मावश्या आहेत. वजनदार, ताठरलेल्या माणसाला नीट वळवायला दोघी लागतात. वळवणं, डायपर पाहणं, गरज असेल तर बदलणं, पुसणं, उशा लावणं. एका खाटेला दहा मिनिटं धरली तरी पंधरा खाटांना दीडशे मिनिटं झाली. फेरी एकशेवीस मिनिटांत पूर्ण व्हायची होती! यात कुणी घंटा वाजवली, कुणी पडलं, कुणाला उलटी झाली हे धरलेलंच नाही. मावश्यांनी पाणी प्यायला बसायचं नाही असंही धरलं आहे. तरीही सकाळी तक्त्यावर दहा, बारा, दोन, चार, सहा या प्रत्येक रकान्यात बरोबरच्या खुणा असतात, एकाच पेनाने, एकाच तिरकसपणात. असा तक्ता समोर आला की तो खोटा आहे हे सिद्ध करायला साक्षीदार लागत नाही. हजेरीपत्रक आणि खाटांची संख्या शेजारी ठेवली की पुरे.

म्हणून पहिला प्रश्न असा असावा, की रातपाळीला कोण होतं, किती जण होते, आणि हे किती जण असावेत हे कोणी ठरवलं?

जिथे कायदा होता तिथेही

कायदा आणि निरीक्षक असले की सगळं सुरळीत होतं, असं मला म्हणायचं नाही. इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समधल्या ऑर्किड व्ह्यू या केंद्राचं प्रकरण यासाठी मुद्दाम वाचण्यासारखं आहे. इमारत नवी, महागडी, हॉटेलसारखी दिसणारी. सरकारी निरीक्षण संस्थेने 2010 मध्ये तिला 'चांगलं' अशी श्रेणी दिलेली. 2011 मध्ये केंद्र बंद झालं आणि तिथल्या 19 मृत्यूंची न्यायिक चौकशी झाली. ऑक्टोबर 2013 मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की त्या सगळ्यांनाच कमी दर्जाची देखभाल मिळाली आणि पाच मृत्यूंना दुर्लक्षाचा हातभार लागला. संस्थेतच रुजलेला छळ, असे शब्द त्यांनी वापरले.

हे उघडकीला आलं ते तिथल्या कार्यालयात काम करणाऱ्या एका महिलेमुळे. एका रातपाळीत औषधं देण्यात 28 चुका झाल्याचं तिच्या लक्षात आलं होतं आणि औषधांचे कागद फाडून टाकायला आपल्याला सांगण्यात आलं, अशी साक्ष तिने दिली. तिने पोलिसांना फोन केला. निरीक्षकांनी दिवसा इमारत पाहिली होती, तिने रात्रीचा कागद पाहिला.

ऑस्ट्रेलियात 2018 मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने वृद्धसेवेची देशव्यापी चौकशी केली. 2019 च्या अंतरिम अहवालाला त्यांनी 'उपेक्षा' असं एकाच शब्दाचं शीर्षक दिलं आणि 2021 च्या अंतिम अहवालात 148 शिफारशी केल्या. 2021 पासून तिथे गंभीर घटना निवासांनी स्वतःहून नियामकाला कळवायची असते, सर्वांत गंभीर घटना 24 तासांच्या आत. मला यातलं 'स्वतःहून' महत्त्वाचं वाटतं. तक्रार करण्याचा भार त्या खाटेवरच्या माणसावरून उतरतो. मेलबर्न-सिडनीतल्या मराठी कुटुंबांना तिथल्या आजी-आजोबांसाठी हे संरक्षण मिळतं. त्याच कुटुंबांनी पुण्यात ठेवलेल्या आईवडिलांना ते मिळत नाही.

मावशीला काढून टाकलं

आपल्याकडे तक्रार फारच वाढली, तर शेवट बहुधा ठरलेला असतो. एक मावशी काढली जाते. नातेवाइकांना सांगतात, कारवाई केली. काढलेली मावशी दुसऱ्या केंद्रात लागते, कारण तिच्या कामाची नोंद कुठे नसते आणि माणसांची टंचाई सगळीकडे आहे. तिच्या जागी आलेलीला तेवढ्याच खाटा, तेवढीच रात्र.

मारणाऱ्या हाताला माफी असू नये. वृद्धेवर हात उगारणाऱ्यावर गुन्हा दाखल झालाच पाहिजे. पण बारा तासांच्या पाळीनंतर बदली न आल्यामुळे पुढची पाळीही करणारी, उचलण्याचं तंत्र कुणी शिकवलेलं नसल्यामुळे स्वतःची कंबर गमावून बसलेली बाई ही त्या केंद्रातल्या दुर्दशेचं मूळ नसते. या बायका बहुतेक गावाकडून आलेल्या, एकट्याने घर चालवणाऱ्या असतात. चौकशी त्यांच्याशी सुरू होऊन त्यांच्याशीच संपली, तर पाळीपत्रक लिहिणारा आणि माणसं कमी ठेवून नफा काढणारा नामानिराळा राहतो. शिवाय आतलं सगळ्यांत जास्त यांनाच ठाऊक असतं. नोकरी जाणार नाही याची हमी मिळाली, तर त्याच सर्वांत मोलाच्या साक्षीदार ठरतील.

कोणत्या दारावर टकटक करायची

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा 2007 चा. महाराष्ट्राने त्याचे नियम 2010 मध्ये केले. प्रांत दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर वकिलाशिवाय दाद मागता येते, हे त्याचं मोठं बळ. पण ते न्यायाधिकरण मुलांना आणि नातेवाइकांना पोटगीसाठी जबाबदार धरतं, पैसे घेऊन देखभाल विकणाऱ्याला नव्हे. कलम 19 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा आणि वृद्धाश्रमांतल्या सेवांचे निकष सरकारने ठरवावेत, पण शब्द 'करू शकेल' असा आहे आणि रोख निराधारांवर आहे. 13 डिसेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावं लागलं की देशात जिल्हावार किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती आधी राज्यांकडून घ्या. यादीच नसेल तर तपासणी कशाची?

ही उणीव दूर करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं. ज्येष्ठांची देखभाल केंद्रं आणि घरी सेवा देणाऱ्या संस्था यांची नोंदणी, किमान निकष, सगळं त्यात होतं. ते मंजूर झालं नाही आणि 2024 मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर बाद झालं. त्याच वर्षी महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम आणले, लिफ्ट, उतार, आधाराचे दांडे यांचे. ते चांगलेच आहेत. पण न्हाणीघरात दांडा बसवणं बिल्डरवर बंधनकारक होतं, दांड्यापर्यंत नेणारा माणूस ठेवणं कुणावरच नाही.

नर्सिंग होम नोंदणीच्या 1949 च्या कायद्यात आजारी, जखमी आणि दुर्बल व्यक्तींना ठेवून उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागेचा समावेश आहे. ज्या वृद्ध निवासात नाकातून नळीने अन्न दिलं जातं, कॅथेटर बदलले जातात, जखमा बांधल्या जातात, तिथे हा कायदा लागू करून पाहणी करायला महापालिकेच्या आरोग्य विभागाला कुणी अडवलेलं नाही, असं माझं मत आहे.

पोलिसांकडे जाणाऱ्यांना एक कलम सहसा माहीत नसतं. असहाय व्यक्तीची देखभाल करण्याचा करार स्वेच्छेने मोडणं हा 1860 च्या दंडसंहितेतही गुन्हा होता. कलम 491. शिक्षा तीन महिने किंवा दोनशे रुपये दंड. नव्या न्याय संहितेत तो कलम 357 झाला आणि दंड पाच हजारांवर गेला. तीन महिने तसेच राहिले. कोंडून ठेवणं, मारहाण, जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा यांची कलमं वेगळी आणि जास्त धारदार आहेत, तक्रारीत तीही मागावीत.

आजच्या घडीला कुटुंबांच्या हातातलं सर्वांत उपयोगी हत्यार ग्राहक कायदा आहे. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे आई कोलकात्याच्या केंद्रात आणि मुलगी नागपुरात असेल, तर नागपुरात. पैसे भरणारी मुलगी ग्राहक आहे आणि सेवा घेणारी आईही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मर्यादा एवढीच की आयोग भरपाई देईल, पण त्या रात्री आत जाऊन दुसऱ्या खाटांकडे पाहणार नाही.

ते काम करायला अधिकारी हवा. सूचना न देता, रात्रीही येऊ शकणारा. राहणाऱ्यांशी कर्मचाऱ्यांना बाहेर काढून बोलणारा. वजनाची वही, औषधांचा कागद आणि पाळीपत्रक जप्त करू शकणारा. यासाठी महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. राज्याने स्वतःचा नोंदणी कायदा करावा, आणि पहिला निकष रात्रीच्या माणसांच्या संख्येचा ठेवावा.

या दिवाळीत भेटीला जाल तेव्हा

तोवर वाचकांना माझी विनंती आहे. फराळाचा डबा घेऊन जाल तेव्हा भेटीच्या वेळेत जाऊ नका, अवेळी जा. जमलं तर रात्री नऊला, नाहीतर पहाटे. दार लावून एकट्याने बोला. टाचा आणि पाठ स्वतः पाहा. लाजू नका, तिने तुम्हाला न्हाऊ घातलेलं आहे. दर महिन्याचं वजन मागा. औषधाची यादी बाहेरच्या डॉक्टरांना दाखवा. काही खटकलं तर तोंडी सांगू नका, लिहून द्या आणि पोच घ्या. जखम असेल तर तारखेसह छायाचित्र काढा. शेजारच्या खाटेवर कुणी येत नसेल, तर तिचंही नाव आणि तब्येत टिपून ठेवा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी 14567 सकाळी आठ ते रात्री आठ चालते, तिच्यावर नोंद करा, म्हणजे निदान तारीख राहते.

आणि नवीन जागा शोधत असाल, तर बाग नंतर पाहा. आधी गेल्या महिन्याचं रातपाळीचं हजेरीपत्रक मागा. जे दाखवणार नाहीत, त्यांच्याकडे आईला ठेवू नका.